जपानमध्ये घर बदलताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न (मुख्यतः टोकियो आणि आसपास)

जपानला आल्यावर पहिलं घर बऱ्याच जणांना कंपनीच बघून देते, किल्ली हातात मिळते आणि आपण बॅगा घेऊन आत शिरतो. खरी गंमत दुसऱ्या घराच्या वेळी सुरू होते. लग्न होतं, मूल होतं, नोकरी बदलते किंवा नुसतंच भाडं परवडत नाही, आणि मग टोकियोतल्या निशिकासाई, ओजिमा, फुनाबोरी भागातला प्रत्येक नवा मराठी माणूस तेच तेच प्रश्न विचारतो. त्यातले हे काही. माझं मत आधीच सांगते, सामान हलवणं इथे सोपं आहे, ट्रकवाले एवढं नीट करतात की बघत राहावं. घोडं अडतं ते तारखांपाशी आणि कागदांपाशी.

जुन्या घराची नोटीस आधी द्यायची की नवीन घर आधी शोधायचं?

आधी घर. यात दुमत नको. घर आवडलं की अर्ज करायचा म्हणजे मोशिकोमी, मग गॅरंटी कंपनी (तुमच्या भाड्याची हमी घेणारी) आणि घरमालक तुमची छाननी करतात, तिला शिन्सा म्हणतात, त्यात काही दिवस ते आठवडा जातो, ऑफिसमध्ये फोन करून तुम्ही खरंच तिथे काम करता का हेही विचारू शकतात. शिन्सा पास झाल्याशिवाय जुन्या घराची नोटीस देऊ नका, कारण एकदा दिलेली नोटीस मागे घेणं मालकाच्या मर्जीवर असतं, आणि तोवर तुमचं घर दुसऱ्या कुणाला देऊन झालेलं असतं.

नोटीस साधारण १ महिना आधी लागते, काही करारांत २ महिने असते, तेव्हा करार काढा आणि काइयाकु योकोकु म्हणजे घर सोडायची आगाऊ सूचना हा मुद्दा शोधा. तिथेच शेवटच्या महिन्याचं भाडं दिवसावर मोजतात की पूर्ण महिन्याचं घेतात हेही लिहिलेलं असतं, पूर्ण महिना असेल तर ५ तारखेला घर सोडून फायदा काहीच नाही. नुसतं फोनवर सांगून गप्प बसू नका, फॉर्म किंवा वेबसाइटवरून द्या आणि पोचपावती जपून ठेवा.

आणि हो, पुढचा प्रश्न येणारच, दोन्हीकडे भाडं भरावं लागणार का? थोडे दिवस लागणार. शिन्सा पास झाल्यावर नवीन मालक महिनाभर थांबत नाही, साधारण दोन आठवड्यांत भाडं सुरू करा म्हणतो. हे डबल भाडं वाचवायच्या नादात लोक तारखा इतक्या घट्ट बांधतात की एक गोष्ट सरकली की सगळंच कोसळतं. तेवढा भुर्दंड बजेटमध्ये धरूनच चला. उलट ८-१० दिवस हातात दोन्ही किल्ल्या असल्या तर नवीन घरात पडदे, दिवे, इंटरनेट लावून होतं आणि जुनं घर निवांत साफ करता येतं.

मार्चमध्ये शिफ्ट होऊ का?

टाळता आलं तर टाळा. इथे सगळं वर्ष एप्रिलला सुरू होतं, कॉलेज, नोकऱ्या, बदल्या, म्हणून मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सगळा देश घर बदलत असतो, ट्रकचे दर एकदम वर जातात आणि बऱ्याचदा पैसे देऊनही तारीख मिळत नाही. रिकामी घरं मात्र जानेवारी ते मार्चमध्येच जास्त दिसतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी पंचाईत. मे नंतर किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मालकही जरा ऐकून घेतो.

बाय द वे, मुहूर्त बघणारे फक्त आपणच नाही. जपानी कॅलेंडरवर ताइआन आणि बुत्सुमेत्सु असे शुभ-अशुभ दिवस छापलेले असतात आणि ताइआनला शिफ्टिंग करणारे अजूनही आहेत. घरच्यांनी पंचांग बघून दिवस काढून दिला असेल तर इथे कुणी हसणार नाही.

सुरुवातीला एकूण किती पैसे लागतात?

१ लाख येन भाड्याचं घर धरू. शिकिकिन म्हणजे डिपॉझिट १ लाख, रेइकिन म्हणजे मालकाला वर द्यायचे मानाचे पैसे १ लाख, एजंटची फी टॅक्स धरून १ लाख १० हजार, गॅरंटी कंपनी समजा ५० हजार (भाड्याच्या अर्ध्यापासून पूर्ण महिन्यापर्यंत काहीही असू शकतं), पुढच्या महिन्याचं ॲडव्हान्स भाडं १ लाख, आगीचा विमा २० हजार, कुलूप बदलायचे २२ हजार. झाले ५ लाख २ हजार येन, आणि अजून ट्रक नाही, फ्रिज नाही, पडदे नाहीत. भाड्याच्या पाच पट रोख हातात असल्याशिवाय घर बघायलाच निघू नका असं मी सगळ्यांना सांगते.

आता यात घासाघीस कुठे होते? एजंटच्या फीला कायद्याने मर्यादा आहे, मालक आणि भाडेकरू दोघांकडून मिळून जास्तीत जास्त १ महिन्याचं भाडं अधिक टॅक्स, आणि मुळात तुमच्याकडून अर्धाच महिना घ्यायचा असतो, तुम्ही आधी संमती दिलीत तरच पूर्ण. व्यवहारात मोशिकोमीच्या कागदांत ती संमती घेऊन टाकतात, म्हणून सही करायच्या आधी विचारा, अर्धी फी घेणारे एजंट आहेत. दुसरं म्हणजे कोटेशनमध्ये घर निर्जंतुक करण्याचे पैसे, २४ तास सपोर्ट, अमुक क्लब असल्या ओळी असतात, त्या बऱ्याचदा ऐच्छिक असतात पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. "हे नको, काढा" म्हटलं की कधी कधी निमूटपणे निघतात.

रेइकिन परत मिळतं का?

नाही. दिलं की गेलं. शून्य रेइकिनवाली घरं हल्ली बरीच असतात, फिल्टर लावून शोधा.

"पहिला महिना फ्री" असं लिहिलंय, घेऊ का?

घ्या, पण करारात बघा, १ वर्षाच्या आत सोडलं तर १ महिन्याचं वगैरे भाडं दंड असं कलम बहुतेक असतंच. तसंच करार तेइकी शाकुया प्रकारचा आहे का तेही बघा, तो मुदतीचा असतो, मुदत संपली की आपोआप पुढे चालू राहत नाही, मालकाने नवीन करार केला तरच राहता येतं. साध्या करारात दर २ वर्षांनी नूतनीकरण असतं आणि टोकियो भागात त्याची फी म्हणून १ महिन्याचं भाडं घेतात, म्हणून बरेच लोक ती तारीख यायच्या आधीच घर बदलतात.

यूआरची घरं चांगली असतात का? सगळे भारतीय तिथेच का राहतात?

यूआर ही सरकारी गृहनिर्माण संस्था. रेइकिन नाही, एजंट फी नाही, नूतनीकरण फी नाही, गॅरंटर लागत नाही, आणि परदेशी म्हणून कुणी दारातून परत पाठवत नाही, मध्यम-दीर्घ मुदतीचं रेसिडन्स कार्ड असलं की अर्ज करता येतो. डिपॉझिट मात्र २ महिन्यांचं आणि उत्पन्नाची अट कडक, साधारणपणे महिन्याचा पगार भाड्याच्या ४ पट हवा (जास्त भाड्याच्या घरांना वेगळा आकडा ठरलेला आहे). निशिकासाईमधलं कोजिमाचो २-चोमे आणि कोतो वॉर्डातलं ओजिमा ६-चोमे, यूआरच्या या दोन्ही संकुलांत संध्याकाळी खाली मुलं खेळताना हिंदी, तेलुगू, मराठी सगळं ऐकू येतं.

बिल्डिंगी जुन्या आहेत, काही ठिकाणी बाथरूम बघून जीव खट्टू होतो, आणि घर पहिल्याने मागितलं त्याला मिळतं, उद्या विचार करून सांगतो म्हटलं की गेलं. पण कुटुंब असेल आणि ३-४ वर्षं राहायचं असेल तर माझ्या मते यूआरला तोड नाही.

परदेशी म्हणून नकार देतात हे खरंय?

खरंय. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, आधीच्या ५ वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ३९ टक्के जणांनी परदेशी आहे म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. एजंट तुमच्यासमोर मालकाला फोन लावतो, गायकोकुजिन म्हणजे परदेशी हा शब्द येतो, मग एक पॉज, आणि एजंट हवेत मान झुकवून सॉरी म्हणत फोन ठेवतो. वाईट वाटतं, पण तिथे वाद घालून घर मिळत नाही. जपानी थोडंफार येतं, कंपनी कोणती, किती वर्षं इथे आहे, हे एजंटला आधीच लिहून द्या म्हणजे तो फोनवर पहिल्या वाक्यातच सांगतो. कंपनी स्वतःच्या नावावर करार करायला तयार असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

घर बघायला गेल्यावर काय काय बघायचं?

जाहिरातीतलं "स्टेशनपासून ७ मिनिटं" म्हणजे मिनिटाला ८० मीटर या हिशोबाने, त्यात सिग्नल आणि चढ धरलेला नसतो, तेव्हा एकदा स्वतः चालून बघा. खोलीचं माप "जो" या एककात देतात, १ जो म्हणजे कमीत कमी १.६२ चौरस मीटर. बिल्डिंगला १ जून १९८१ नंतरची परवानगी असेल तर ती भूकंपाच्या नव्या नियमांनुसार बांधलेली, त्याआधीची असेल तर भाडं कमी का आहे ते समजून घ्या.

पाण्याचा मुद्दा लोक विसरतात. निशिकासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डातली सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे, आणि २०१९ मध्ये वॉर्डाने पुराचा जो नकाशा काढला त्याच्या कव्हरवर स्वतःच्याच वॉर्डाबद्दल "इथे थांबू नका" असं छापलं होतं. म्हणून तिथे राहू नये असं नाही, हजारो लोक मजेत राहतात, पण पहिला मजला आणि सातवा मजला यात फरक आहे एवढं लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२० पासून करार करताना एजंटने पुराच्या नकाशावर तुमचं घर कुठे आहे ते दाखवणं सक्तीचं आहे, तो भाग भराभर वाचून पुढे जातात, तिथे थांबवून विचारा.

आणि आपल्या लोकांनी किचन बघावं. आयएच म्हणजे इंडक्शन शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर आणि पातेली त्यावर चालत नाहीत. गॅस असेल तर शहरी लाइनचा की प्रोपेन ते विचारा, प्रोपेनचं बिल जास्त येतं आणि एकाची शेगडी दुसऱ्यावर चालत नाही. २००८ पासूनच्या घरगुती गॅस शेगड्यांना प्रत्येक बर्नरवर उष्णतेचा सेन्सर असतो, तवा जास्त तापला की ज्योत आपोआप बारीक होते, भाकरी करताना डोकं फिरतं. काही मॉडेल्सवर सेन्सर थोडा वेळ सैल करायचं बटण असतं, ते ३ सेकंद दाबून धरायचं.

फोडणीच्या वासाची आणि कुकरच्या शिट्टीची तक्रार येते का?

येऊ शकते. लाकडी बांधकामाच्या अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू येतो, तिथे रात्री दहाला मिक्सर लावला तर मॅनेजमेंट कंपनीची चिठ्ठी आलीच समजा. सिमेंट-काँक्रीटची बिल्डिंग बघा. फॅन आधी लावा, मग मोहरी. (भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या १०० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मरशिवाय नीट फिरत नाही, हा प्रश्नही सगळेच विचारतात.)

ट्रकवाला कसा ठरवायचा?

साकाई, आर्ट, आरी-सान अशा मोठ्या कंपन्या आहेत, एकट्या माणसाचं थोडं सामान असेल तर आकाबोचा छोटा ट्रक पुरतो. तीन ठिकाणी कोटेशन घ्या आणि तीन ठिकाणी घेतोय हे सांगा, तिथल्या तिथे आकडा खाली येतो. सकाळची वेळ महाग, आणि "तुम्हाला जमेल तेव्हा या" म्हणजे फ्री-बिन सगळ्यात स्वस्त, फक्त त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा. खोके बहुतेक ठिकाणी फुकट देतात. आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करून बंद ठेवायचा आणि वॉशिंग मशीनमधलं पाणी काढायचं, एवढं तुमचं काम, बाकी ते लोक मोजे बदलून आत येतात, भिंतींना संरक्षक पॅड लावतात आणि तासाभरात घर रिकामं.

जुनं कपाट, गादी, फ्रिज यांचं काय करायचं?

टोकियोच्या २३ वॉर्डांत ३० सेंटीमीटरपेक्षा मोठी कुठलीही वस्तू सोदाइ गोमी म्हणजे मोठा कचरा. वॉर्डाच्या साइटवर किंवा फोनवर बुकिंग, कोनबिनीतून (२४ तास उघडी असणारी छोटी दुकानं) २०० आणि ३०० येनची स्टिकरं, त्यावर नाव किंवा नंबर लिहून चिकटवायचं आणि ठरलेल्या दिवशी सकाळी ८ च्या आत खाली ठेवायचं. तारीख लगेच मिळत नाही, मार्चमध्ये तर अजिबात नाही, म्हणून नोटीस दिली त्याच दिवशी बुकिंग करा.

फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी हे चार यात चालत नाहीत, २००१ पासून त्यांचा वेगळा रिसायकलिंग कायदा आहे आणि टाकायला पैसे भरावे लागतात. म्हणून या वस्तू आधीच जिमोती किंवा मेर्कारी या जुन्या सामानाच्या साइटवर विकून टाका, नाहीतर नवीन आलेल्या एखाद्या पोराला देऊन टाका. "फुकट नेतो" असं लाउडस्पीकरवर ओरडत फिरणाऱ्या ट्रकला हात करू नका, सामान वर चढवल्यावर पैसे मागतात.

वॉर्ड ऑफिसात काय करावं लागतं?

वॉर्ड किंवा शहर बदलत असेल तर जुन्या ठिकाणी तेनश्युत्सु म्हणजे जातोय, आणि नव्या ठिकाणी राहायला गेल्यापासून १४ दिवसांत तेन्न्यू म्हणजे आलोय. त्याच वॉर्डात बदलत असाल तर एकच तेनक्यो. मायनंबर कार्ड (सरकारी ओळखपत्र, आपल्या आधारसारखं) असेल तर जुन्या ठिकाणचं काम फेब्रुवारी २०२३ पासून ऑनलाइन होतं, नव्या ठिकाणी मात्र जावंच लागतं. घरातल्या सगळ्यांची रेसिडन्स कार्डं आणि मायनंबर कार्डं न्या, रेसिडन्स कार्डामागे नवा पत्ता छापून देतात. इमिग्रेशनला वेगळं कळवायची गरज नाही.

हे पुढे ढकलू नका. पत्ता न कळवल्यास २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जुनं घर सोडल्यापासून ९० दिवसांत नवा पत्ता दिला नाही तर व्हिसाच रद्द होण्याची तरतूद कायद्यात आहे. वॉर्ड बदलला की शिक्क्याची (इथे सहीऐवजी वापरतात तो) नोंदणी रद्द होते, ती नव्याने करायची. मग पोस्ट ऑफिसमध्ये पत्ता बदल, जुन्या पत्त्यावरची पत्रं वर्षभर फुकट नव्या पत्त्यावर येतात. लायसन्स पोलीस स्टेशनला, बँक आणि क्रेडिट कार्ड ऑनलाइन.

लाइट, गॅस, पाणी, इंटरनेट?

लाइट आणि पाणी वेबसाइटवरून सुरू होतं. गॅससाठी माणूस घरी येतो आणि तुम्ही तिथे हजर लागता, बुकिंग केलं नाही तर पहिल्या रात्री गार पाण्याने अंघोळ. फायबरच्या कामाला काही आठवडे लागू शकतात, तोवर पॉकेट वायफाय. ओसाकाकडे जात असाल तर तिकडे वीज ६० हर्ट्झची, टोकियोत ५०, जुना मायक्रोवेव्ह चालेल का ते मागच्या लेबलवर बघा.

मुलांच्या शाळेचं कसं करायचं?

इंडियन स्कूल हवं असेल तर निशिकासाईत जीआयआयएस आणि कोतो वॉर्डात आयआयएसजे, घर त्या हिशोबानेच शोधतात लोक. जपानी सरकारी शाळा असेल तर जुन्या शाळेकडून शिकत असल्याचा आणि पुस्तकं दिल्याचा असे दोन दाखले घ्या. खरी अडचण होइकुएनची, सरकारमान्य पाळणाघराची जागा वॉर्डामार्फत मिळते, वॉर्ड बदलला की बहुतेक वेळा ती जाते आणि पुन्हा रांगेत. दोघंही नोकरी करत असाल तर दोन स्टेशनं पुढचं स्वस्त घर घ्यायच्या आधी हा हिशोब करा. मुलांच्या भत्त्याचा अर्ज नव्या वॉर्डात १५ दिवसांच्या आत.

डिपॉझिट खरंच परत मिळतं का, की सगळं सफाईत कापतात?

मिळतं, पण तुम्हाला नियम माहीत असतील तर जास्त मिळतं. घर रिकामं झालं की ताचिआइ म्हणजे तुमच्यासमोर घराची तपासणी होते. मॅनेजमेंट कंपनीचा माणूस टॅबलेट किंवा पॅड घेऊन येतो, हॉलवर नुसती नजर टाकतो आणि किचनमध्ये मुक्काम ठोकतो. शेगडीमागच्या वॉलपेपरवर बोट फिरवतो, एक्झॉस्टची जाळी काढून उजेडात धरतो, सिंकखालचं कपाट उघडून वास घेतो. हळद आणि तेलाचा पिवळट थर त्याला लांबून दिसतो. मग कागद पुढे करून सही मागतो.

सही करायची सक्ती नाही. घरी नेऊन बघतो म्हणा आणि तपशीलवार बिल मागा. १ एप्रिल २०२० पासून नागरी कायद्यातच लिहिलंय की रोजच्या वापराने झालेली झीज भाडेकरूने भरून द्यायची नाही. फर्निचरच्या पायांचे खड्डे, उन्हाने उडालेला तातामीचा (जमिनीवरच्या गवती चटईचा) रंग, फ्रिजमागची काळी छटा, टाचणीची भोकं, हे मालकाचं. खिळे-स्क्रूची भोकं, सिगारेटचा वास, साफ न केल्याने साचलेलं तेल आणि बुरशी, हे तुमचं. म्हणून देव्हाऱ्याची फळी ड्रिल करून लावू नका आणि उदबत्तीच्या धुराचा डाग भिंतीवर पडू देऊ नका.

सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत वॉलपेपरचं आयुष्य ६ वर्षं धरलंय, तेवढ्यात त्याची किंमत १ येनवर येते. म्हणजे डाग तुमचा असला तरी ३ वर्षांनी निम्माच खर्च तुमच्या वाट्याला. बिलात पूर्ण खोलीचा नवा वॉलपेपर लावला असेल तर किती वर्षं राहिलो ते सांगून हिशोब मागा. सफाईची ठरावीक रक्कम मात्र करारातच लिहिलेली असते, ती बहुतेक द्यावीच लागते. नाहीच ऐकलं तर १८८ या ग्राहक हेल्पलाइनला फोन, आणि शेवटी ६ लाख येनपर्यंतचा छोटा दावा कोर्टात सहसा एकाच सुनावणीत निघतो. फोनची वेळ आली की सूर बदलतात असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

या सगळ्याची तयारी पहिल्या दिवशी होते. नवीन घरात सामान यायच्या आधी प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा, चेकशीट दिली असेल तर भरून पाठवा. शंभर येनच्या दुकानात शेगडीमागे लावायचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि एक्झॉस्टचं कव्हर मिळतं, ते पहिल्या फोडणीच्या आधी लावा.

शेजाऱ्यांना काही द्यायचं असतं का?

जुनी पद्धत म्हणजे समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन, त्यांना टॉवेल किंवा बिस्किटांचा ५०० ते १००० येनचा डबा. टोकियोत एकटे राहणारे हल्ली देत नाहीत. लहान मुलं असतील तर खालच्या मजल्यावरच्यांना नक्की द्या, पळापळीचा आवाज त्यांनाच जाणार आहे. चकली-चिवडा देऊ नका, बंद डबा द्या.

आई-बाबा भारतातून तीन महिने येणार आहेत, मालकाला सांगायचं?

सांगा. करारात राहणाऱ्यांची नावं असतात, आठवडाभराच्या पाहुण्याला कुणी काही म्हणत नाही पण दोन-तीन महिने म्हटलं तर आधी एक मेल टाकलेला बरा. १के म्हणजे एक खोली आणि किचनचं घर असेल तर दोघांना परवानगी आहे का तेही करारात बघा.

फेब्रुवारीत वॉर्ड बदलला, मग रेसिडेंट टॅक्स कुणाला?

१ जानेवारीला जिथे राहत होतात त्या वॉर्डाला, त्या वर्षाचा पूर्ण टॅक्स. नव्या वॉर्डाचं बिल येणार नाही आणि जुन्याचं जूनमध्ये येईल, पगारातून कापत असतील तर तुम्हाला काहीच करायचं नाही. स्वतः भरत असाल तर पोस्टातला पत्ता बदल तेवढा नक्की झालाय ना ते बघा, ते पाकीट जुन्या घरी गेलं तरी टॅक्स माफ होत नाही, वर उशिराचा दंड लागतो.